परिषदेच्या प्रवास-माहितीपत्रकाविषयी आयोजन समित्यांना खुले पत्र

प्रति,
आंतरराष्ट्रीय शैक्षणिक परिषदांच्या आयोजन समित्यांचे अध्यक्ष, सचिव आणि सर्व सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

परदेशातील परिषदांना निघालेल्या तरुण संशोधकांची कागदपत्रे तपासून देणे, त्यांचे व्हिसाचे अर्ज वाचून पाहणे आणि त्यांच्या शंकांची उत्तरे शोधणे हे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. त्यामुळे आपल्यासारख्या समित्यांनी पाठवलेली निमंत्रणपत्रे, परिपत्रके आणि प्रवास-माहितीपत्रके माझ्या नजरेखालून सतत जात असतात. परिषद भरणाऱ्या शहराचा इतिहास, तेथील जुन्या वास्तू, संग्रहालये, समारोपाच्या मेजवानीची जागा यांविषयी त्यांत आस्थेने आणि सविस्तर लिहिलेले असते. मात्र निमंत्रणपत्र मागितल्यापासून किती दिवसांत हाती पडेल, त्यावर कोणाची सही असेल, व्हिसा नाकारला गेला तर भरलेल्या शुल्काचे काय होईल, रात्री उशिरा उतरणाऱ्या पाहुण्याने मुक्कामाच्या ठिकाणी कसे पोचावे, या प्रश्नांवर बहुधा एकच वाक्य आढळते : 'सहभागींनी आपापल्या देशातील दूतावासाशी संपर्क साधावा.' दूतावासात जाताना जे कागद हातात असावे लागतात त्यांतले निम्मे आपल्याकडूनच यायचे असतात, हे त्या वाक्यात कुठेच येत नाही. प्रवासाची माहिती हा परिषदेच्या शैक्षणिक कामाचाच भाग मानावा, अशी माझी विनंती आहे, कारण व्यासपीठावर कोणाचे संशोधन मांडले जाणार हे काही अंशी त्या माहितीवरच ठरते.

हे म्हणणे अतिशयोक्तीचे वाटू नये. १९५० साली अमेरिकेतील केंब्रिज येथे भरलेल्या गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत लॉराँ श्वार्त्झ यांना फील्ड्स पदक दिले जाणार होते, आणि तरीही त्यांच्या राजकीय मतांमुळे त्यांना, तसेच वयोवृद्ध गणितज्ञ जाक हादामार यांना, व्हिसा मिळवताना बराच त्रास सोसावा लागला. १९९२ ची आंतरराष्ट्रीय एड्स परिषद बॉस्टनमध्ये व्हायची होती. एचआयव्हीबाधितांच्या प्रवेशावर अमेरिकेने घातलेल्या निर्बंधांमुळे ती ॲमस्टरडॅमला हलवण्यात आली, आणि २०१० मध्ये ते निर्बंध उठल्यानंतर २०१२ साली वॉशिंग्टनच्या निमित्ताने ती पुन्हा अमेरिकेत परतली. २०१८ साली माँट्रियल येथील न्यूरिप्स परिषदेच्या वेळी कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या अनेक आफ्रिकी संशोधकांना कॅनडाचा व्हिसा मिळाला नाही, आणि २०२२ साली त्याच शहरात भरलेल्या एड्स परिषदेतही अनेक आफ्रिकी प्रतिनिधींच्या खुर्च्या त्याच कारणाने रिकाम्या राहिल्या. याच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातील आयसीएलआर ही परिषद २०२३ साली किगाली येथे भरली. रवांडा सर्व देशांच्या नागरिकांना तेथे पोचल्यावर व्हिसा देतो, ही गोष्ट स्थळ निवडणाऱ्या प्रत्येक समितीने ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रत्येक समितीला स्थळ बदलता येणार नाही, आणि व्हिसा देणे न देणे आपल्या हाती नाही, हे मी जाणतो. पण वेळ, कागद आणि स्पष्ट शब्द या तीन गोष्टी पूर्णपणे आपल्या हाती आहेत.

प्रथम वेळेविषयी. युरोपातील शेंगेन क्षेत्राच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटाच्या, अल्पमुदतीच्या व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो किमान १५ दिवस आधी करावा लागतो. निर्णयाची नेहमीची मुदत १५ दिवसांची असली, तरी अधिक तपासणी करावीशी वाटल्यास ती ४५ दिवसांपर्यंत वाढते. अर्ज देण्यासाठी अपॉइंटमेंट मिळेपर्यंत जे आठवडे जातात ते या हिशेबात धरलेले नाहीत. ब्रिटनच्या व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच अर्ज करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. अमेरिकेच्या व्हिसासाठी मुलाखत असते आणि काही शहरांत तिची तारीख कित्येक महिन्यांनंतरची मिळते. अशा स्थितीत शोधनिबंध स्वीकारल्याचे पत्र परिषदेच्या आठ आठवडे आधी निघाले, त्यानंतर शुल्क भरल्यावरच निमंत्रणपत्र मिळेल असा नियम असला आणि त्या पत्राला आणखी दोन आठवडे लागले, तर ज्याला व्हिसा लागतो त्याची परिषद तिथेच संपते, मग त्याचा निबंध कितीही चांगला असो. ज्यांना व्हिसा लागत नाही त्यांना मात्र या वेळापत्रकात काही वावगे दिसत नाही, आणि वेळापत्रक आखणारे बहुधा त्यांच्यापैकीच असतात.

म्हणून स्वीकृतीचा निर्णय परिषदेच्या किमान चार महिने आधी कळवावा. ते शक्य नसेल, तर निबंध सादर करतानाच 'आपणास व्हिसा लागणार आहे काय?' एवढा एक प्रश्न विचारावा आणि होकार देणाऱ्यांच्या निबंधांचे परीक्षण आधी उरकावे. परीक्षणाची कसोटी त्यामुळे सैल होत नाही, फक्त क्रम बदलतो. आणखी एक बाब सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. अर्ज विचाराधीन असताना पासपोर्ट अनेकदा दूतावासाकडेच अडकून राहतो आणि त्या काळात त्या माणसाला दुसऱ्या कोणत्याही देशात जाता येत नाही. आपल्या परिषदेच्या आगेमागे त्याच विषयाची दुसरी परिषद असेल, तर त्याला दोहोंपैकी एकीवर पाणी सोडावे लागते, आणि हा निर्णय त्याला लवकर घेता यावा यासाठीही तारखा आधी कळणे आवश्यक आहे.

आता निमंत्रणपत्राविषयी. 'आपल्या सहभागाची आम्ही आतुरतेने वाट पाहत आहोत' अशा चार ओळींचे पत्र व्हिसा अधिकाऱ्याच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी असते. पत्रात पाहुण्याचे नाव पासपोर्टवर आहे तसेच्या तसे, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, त्याचे पद आणि संस्था, निबंधाचे शीर्षक आणि तो कोणत्या स्वरूपात सादर होणार, परिषदेच्या तारखा आणि जागेचा पूर्ण पत्ता, प्रवास, निवास व भोजन यांपैकी कोणता खर्च कोण करणार, हे सारे असावे. सही करणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि संस्थेचा दूरध्वनी असावा, आणि त्या दूरध्वनीवर कोणीतरी उत्तर देणारे असावे, कारण दूतावास खरोखरच चौकशी करतात. खर्चाबाबत संदिग्ध भाषा सर्वाधिक घातक ठरते. समिती फक्त निवास देणार असेल तर पत्रात तेवढेच लिहावे, म्हणजे उरलेल्या खर्चाचे पुरावे अर्जदार वेगळे जोडू शकेल. व्याख्यानासाठी मानधन देणार असाल तर तेही आधी सांगावे. अमेरिकेत व्यावसायिक भेटीच्या व्हिसावर आलेल्या पाहुण्याला विद्यापीठाकडून मानधन घेता येते, पण एका संस्थेत जास्तीत जास्त नऊ दिवस आणि सहा महिन्यांत पाचपेक्षा अधिक संस्थांकडून नाही, अशी मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये पाहुण्याने मानधन घेण्याचे नियम निराळे आहेत. हे नियम पाहुण्यापेक्षा यजमान विद्यापीठाच्या कार्यालयाला अधिक सहज कळू शकतात, म्हणून ते शोधण्याची जबाबदारी यजमानाने घ्यावी.

शेंगेन देशांत परिषद भरवणाऱ्या समित्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. २०१९ मध्ये सुधारलेल्या आणि २०२० च्या फेब्रुवारीपासून लागू झालेल्या व्हिसा नियमावलीनुसार वैज्ञानिक संशोधनासाठी किंवा वैज्ञानिक चर्चासत्र वा परिषद यांत भाग घेण्यासाठी येणाऱ्या, नियमात बसणाऱ्या परदेशी संशोधकांना व्हिसा शुल्क माफ आहे. जून २०२४ पासून हे शुल्क प्रौढांसाठी ९० युरो झाले आहे. शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या संशोधकासाठी ही रक्कम क्षुल्लक नाही, आणि तरीही अनेकजण ती मुकाट्याने भरतात, कारण निमंत्रणपत्रात त्या तरतुदीचा उल्लेखच नसतो. पाहुणा संशोधक आहे, तो वैज्ञानिक परिषदेत भाग घेण्यासाठी येत आहे आणि म्हणून तो या सवलतीस पात्र असल्याचे आम्ही समजतो, असे एक वाक्य पत्रात घातल्यास अर्जदाराला खिडकीवर काहीतरी दाखवता येते. अर्ज स्वीकारणाऱ्या बाह्य केंद्राचे सेवाशुल्क मात्र वेगळे असते, तेही त्याच ओळीत सांगून टाकावे. याच व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला आणि परतीच्या तारखेनंतर आणखी तीन महिने वैध असावा लागतो, आणि त्यात दोन पाने कोरी असावी लागतात. माहितीपत्रकात एवढे छापायला तीन ओळी पुरतात.

नावांचा गोंधळ वरवर किरकोळ दिसतो, पण त्यापायी अर्ज परत येतात. नोंदणीच्या अर्जात आडनावाचा रकाना सक्तीचा असतो, आणि इंडोनेशियात कोट्यवधी लोकांना एकच नाव असते. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसते, वडिलांच्या किंवा आईच्या नावावरून बनलेले नाव असते. हंगेरी, चीन, जपान येथे कुटुंबाचे नाव आधी लिहितात. रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही म्हणून अर्जदार तेथे टिंब टाकतो किंवा तेच नाव दोनदा लिहितो, आणि मग निमंत्रणपत्र, विमानाचे तिकीट आणि पासपोर्ट यांवर तीन निरनिराळी नावे येतात. नोंदणीत 'पासपोर्टवरील पूर्ण नाव' आणि 'बिल्ल्यावर छापायचे नाव' असे दोनच रकाने ठेवावेत.

पैशांविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण याबाबतीत समित्यांचे हेतू चांगले असूनही पद्धत चुकते. प्रवास अनुदान जाहीर होते, पण ते परिषद संपल्यावर, मूळ पावत्या आणि विमानाचे बोर्डिंग पास सादर केल्यावर, काही महिन्यांनी परतफेडीच्या रूपाने मिळते. म्हणजे ज्याच्याकडे पैसे नाहीत म्हणून अनुदान दिले, त्यानेच ते आधी उभे करायचे. विमानाचे तिकीट आणि निवास यांचे पैसे समितीने परस्पर भरावेत, ही यावरची साधी व्यवस्था आहे आणि ती काही समित्या पाळतातही. ते जमत नसेल तर कोणते कागद जपून ठेवायचे हे निघण्यापूर्वी सांगावे, कारण बोर्डिंग पासचा चिठोरा विमानातून उतरतानाच अनेकांकडून टाकून दिला जातो. हॉटेलच्या अनामत रकमेसाठी पाहुण्याच्या नावाचे क्रेडिट कार्ड मागितले जाते आणि अनेक तरुणांकडे ते नसते. अशांसाठी समितीने हॉटेलला आधी हमीपत्र द्यावे. शहरात रोख रक्कम चालते की नाही हेही स्पष्ट लिहावे. स्वीडनमध्ये अनेक ठिकाणी नोटा घेतच नाहीत, चीनमध्ये रोजचे व्यवहार बहुतांशी मोबाइलवरील अलीपे किंवा वीचॅटमधून होतात आणि परदेशी कार्ड त्यांना घरूनच जोडून आलेले बरे. कार्डाने पैसे देताना यंत्र 'आपल्या देशाच्या चलनात द्यायचे का?' असे विचारते, तेव्हा स्थानिक चलन निवडावे, एरवी विनिमय दरात नुकसान होते, ही सूचना एका वाक्यात बसते आणि पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्याला ती कोणीही दिलेली नसते.

व्हिसा नाकारला गेल्यास नोंदणी शुल्क पूर्ण परत मिळेल, ही हमी प्रत्येक परिषदेने लेखी द्यावी असे माझे ठाम मत आहे. प्रशासकीय खर्च म्हणून त्यातला भाग कापून घेणेही मला योग्य वाटत नाही, कारण नकार हा त्या संशोधकाचा दोष नसतो. त्याचा निबंध इतिवृत्तातून काढला जाऊ नये, आणि त्याला दूरस्थ पद्धतीने किंवा सहलेखकामार्फत तो सादर करता यावा, हेही आधीच ठरलेले असावे. ऐनवेळी प्रत्येकाने वेगळी विनवणी करायची आणि समितीने प्रत्येक वेळी वेगळा निर्णय घ्यायचा, यात दोन्ही बाजूंचा वेळ आणि मान जातो.

प्रवासाच्या मार्गाविषयी यजमानांना ज्या गोष्टी सहज ठाऊक असतात त्या पाहुण्याला कळण्याचा दुसरा मार्ग नसतो. अमेरिकेत नुसते विमान बदलायचे असले तरी तेथील इमिग्रेशनमधून जावे लागते आणि त्यासाठी व्हिसा किंवा पूर्वपरवानगी लागते. शेंगेनमधील विमानतळांवर काही देशांच्या नागरिकांना केवळ विमान बदलण्यासाठीही वेगळा ट्रान्झिट व्हिसा घ्यावा लागतो. शेंगेनबाहेरून फ्रँकफर्टमार्गे झुरिकला जाणाऱ्याची पासपोर्ट तपासणी शेंगेनमधल्या पहिल्या विमानतळावर, म्हणजे फ्रँकफर्टलाच होते, झुरिकला नाही, त्यामुळे दोन विमानांमध्ये तासाभराचे अंतर ठेवणारा रांगेतच अडकतो. नावे फसवी असतात : फ्रँकफर्ट-हान हा विमानतळ फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटर दूर आहे, तर टोकियोचा नारिता शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर आणि हानेदा त्या मानाने अगदी जवळ. कोणत्या विमानतळाचे तिकीट काढावे हे माहितीपत्रकात पहिल्याच ओळीत यायला हवे.

समितीने हौसेने आखलेली सहलही अडचणीची ठरू शकते. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, आणि दुब्रोव्हनिकला भरणाऱ्या परिषदांतून बोस्नियातील मोस्तारची किंवा माँटेनेग्रोतील कोटोरची एका दिवसाची सहल सहज काढता येते. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा ज्याच्याकडे आहे तो त्या सहलीला गेला, तर त्याचा व्हिसा सीमा ओलांडताच संपतो आणि संध्याकाळी त्याला हॉटेलवर परत येता येत नाही. खुद्द दुब्रोव्हनिक ते स्प्लिट हा किनाऱ्याचा जुना रस्ताही बोस्नियाच्या न्यूम गावातून जातो. २०२२ साली पेल्येशॅक पूल खुला झाल्यापासून तो टाळता येतो, पण टाळायला हवा हे पाहुण्याला सांगितले पाहिजे. सहल सीमेपार जाणार असेल तर निमंत्रणपत्रातच तसे नमूद करून अनेक प्रवेशांचा व्हिसा मागण्यास सुचवावे.

दोन देशांच्या सीमेवर भरणाऱ्या परिषदांना तर विशेष काळजी घ्यावी लागते. जिनिव्हाजवळची सर्न ही प्रयोगशाळा स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सीमेवर दोन्हीकडे पसरलेली आहे. दोन्ही देश शेंगेनमध्ये असल्याने व्हिसा एकच चालतो, पण स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. फ्रान्सच्या बाजूला मुक्काम करून जिनिव्हात बैठकीला येणाऱ्याच्या खिशात युरो असतात आणि समोर किमती फ्रँकमध्ये. फ्रान्समध्ये घेतलेल्या सिमकार्डाला युरोपीय संघातील मोफत रोमिंगचा नियम लागू असतो, स्वित्झर्लंडला तो नियम लागू नाही, म्हणून रस्ता ओलांडताच भलते बिल लागू शकते. अर्थिंगची सोय असलेला जाड गोल फ्रेंच प्लग स्विस सॉकेटमध्ये बसत नाही. ११२ हा आपत्कालीन क्रमांक मात्र दोन्हीकडे चालतो.

विमानतळापासून विद्यापीठाच्या मुख्य फाटकापर्यंतची माहिती बहुतेक पत्रकांत बरी असते. ती फाटकापाशीच संपते. मोठ्या विद्यापीठाच्या आवारात फाटकापासून सभागृहापर्यंत वीस मिनिटे चालावे लागू शकते, इमारतींना नावांऐवजी क्रमांक असतात, रविवारी बाजूची दारे बंद असतात, आणि विद्यापीठाच्या अतिथिगृहाचा स्वागतकक्ष संध्याकाळी बंद झाला की किल्ली भिंतीवरच्या पेटीत ठेवलेली असून तिचा संकेतांक कोणत्यातरी जुन्या संदेशात असतो. शेवटच्या या टप्प्यासाठी छायाचित्रांसह पायवाटेचा नकाशा, शेवटच्या बस-रेल्वेची वेळ आणि स्थानिक लिपीत छापलेला पत्ता द्यावा, जो टॅक्सीचालकाला दाखवता येईल. तिकिटाची पद्धत सांगावी : इटलीत प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून सार्वजनिक वाहतूक सर्वांना मोफत आहे, तिथे तिकीट शोधत बसण्याची गरज नाही. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, आणि परिषदा बहुधा सोमवारी सुरू होत असल्याने पाहुणे नेमके रविवारीच येऊन पोचतात. पायऱ्या न चढता सभागृहात पोचण्याची वाट कोणती हेही त्याच नकाशात दाखवावे, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरील संशोधकाला ते वेगळे विचारावे लागणार नाही. युरोपीय संघातील विमानतळांवर अशा प्रवाशांना मदत मिळण्यासाठी किमान ४८ तास आधी कळवावे लागते, ही अटही तेथेच लिहावी.

सामानाविषयी थोडक्यात लिहितो. पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवावी लागते. १०० वॅट-अवरपर्यंतची सर्वसाधारणपणे चालते आणि १०० ते १६० दरम्यानची असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. ब्रिटन, आयर्लंड, सिंगापूर, मलेशिया येथे तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो, ऑस्ट्रेलियात तिरप्या पिनांचा. जपानमध्ये विजेचा दाब १०० व्होल्ट असतो. सॉकेटचे चित्र छापले तर शब्दांची गरज पडत नाही. निमंत्रणपत्र, परतीचे तिकीट, निवासाची नोंद आणि विमा यांच्या छापील प्रती हातातल्या पिशवीत ठेवाव्यात, कारण व्हिसा असूनही सीमेवरचा अधिकारी त्या पुन्हा मागू शकतो आणि त्या वेळी मोबाइलला नेटवर्क नसते. एडुरोम ही विद्यापीठांची सामायिक वाय-फाय व्यवस्था शंभराहून अधिक देशांत आहे, पण तिची जोडणी आपल्या संस्थेतच करून निघावे लागते, परिषदेच्या दारात ती करणे अवघड जाते. आणि चीनमध्ये गूगलच्या सेवा उघडत नसल्याने तेथील संशोधकांसाठी नोंदणीचा अर्ज किंवा नकाशा केवळ गूगलवर ठेवू नये.

औषधांच्या बाबतीत मात्र थोडक्यात आटोपून चालणार नाही, कारण येथे अज्ञानामुळे माणूस कायद्याच्या कचाट्यात सापडतो. जपानमध्ये सर्दीच्या औषधांतला स्यूडोएफेड्रीन हा घटक दहा टक्क्यांहून अधिक असल्यास ते औषध नेण्यास बंदी आहे, ॲम्फेटामीनयुक्त औषधे डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी चालत नाहीत, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची इतर बहुतेक औषधे एक महिन्याच्या गरजेहून अधिक न्यायची असतील तर 'युन्यू काकुनिन-शो' हे प्रमाणपत्र आधी मिळवावे लागते. अनेक देश पीतज्वराचा प्रादुर्भाव असलेल्या भागातून येणाऱ्यांकडे लसीकरणाचा दाखला मागतात. हा दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतो आणि २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. परिषदेच्या आदल्या आठवड्यात हे कळून काही उपयोग नसतो. यजमान देशातील औषधविषयक निर्बंधांचा अधिकृत दुवा आणि जवळच्या रुग्णालयाचा पत्ता दिला, तर पाहुणा पुढचे स्वतः पाहू शकतो.

एक धोका अलीकडे फार वाढला आहे. वक्त्यांची यादी जाहीर होताच, आम्ही परिषदेची अधिकृत निवास व्यवस्था पाहतो असे सांगून काही भामटे वक्त्यांना दूरध्वनी करतात किंवा संदेश पाठवतात आणि कार्डाचा तपशील मागतात. समितीने पहिल्याच परिपत्रकात ठळक लिहावे की, आमच्या वतीने कोण संपर्क साधेल, कोणत्या पत्त्यावरून साधेल, आणि दूरध्वनीवरून पैसे कधीही मागितले जाणार नाहीत. याचीच दुसरी बाजू म्हणजे आपण स्वतः पाहुण्यांकडून पासपोर्टच्या प्रती साध्या ईमेलने मागवता, त्या कोणाच्या संगणकावर किती वर्षे पडून राहतात याचा विचार होत नाही. सुरक्षित मार्गाने मागवा आणि परिषद संपताच पुसून टाका.

या साऱ्याला एका माणसाची जोड लागते. प्रवासाच्या दिवसांत, म्हणजे परिषदेच्या दोन दिवस आधीपासून, ज्याचा दूरध्वनी दिवसरात्र चालू असेल आणि जो पाहुण्याशी त्याच्या अडचणीबद्दल शांतपणे बोलेल, अशी एक व्यक्ती नेमून तिचा क्रमांक सर्वांना कळवावा. सीमेवर अडवलेल्या पाहुण्यासाठी अधिकाऱ्याशी बोलायला यजमान संस्थेचा माणूस पुढे आला, तर कित्येकदा प्रश्न तिथेच सुटतो. हे काम स्वयंसेवक विद्यार्थ्यांवर एकट्याने सोडू नये, त्यांना निर्णयाचे अधिकार नसतात.

शेवटची विनंती माहितीच्या वयाविषयी आहे. गेल्या वेळचे पत्रक तसेच्या तसे पुढे छापले जाते आणि नियम दरम्यान बदललेले असतात. एप्रिल २०२५ पासून युरोपीय नागरिकांनाही ब्रिटनमध्ये जाण्यापूर्वी इलेक्ट्रॉनिक प्रवासपरवानगी घ्यावी लागते. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेऊन नोंद करण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. म्हणून प्रत्येक सूचनेखाली ती कधी तपासली याची तारीख द्यावी आणि अधिकृत स्थळाचा निर्देश करावा. आपली परिषद दरवर्षी नव्या शहरात जाते आणि नवी समिती सारे पहिल्यापासून सुरू करते, त्यामुळे आधीच्या समितीने जे शिकले ते तिच्याबरोबरच संपते. जमाखर्च आणि इतिवृत्त यांच्यासोबत प्रवासाची एक फाइल पुढच्या समितीच्या हाती द्यावी. तिच्यात किती जणांनी निमंत्रणपत्र मागितले, किती जणांना व्हिसा नाकारला गेला, कोणत्या देशांच्या लोकांना किती दिवस लागले आणि जे येऊ शकले नाहीत त्यांनी कोणती कारणे कळवली, याची नोंद असावी. न आलेल्यांना परिषद संपल्यावर पत्र लिहून ही कारणे विचारण्याची पद्धत आपण या वर्षीपासूनच सुरू करावी.

आपला नम्र,
परदेशातील परिषदांना जाणाऱ्या संशोधकांची कागदपत्रे तपासून देणारा एक प्राध्यापक